डुकरीण कोंतेस्सा, नोंद: कुत्रा

"ताटात जे जे येईल ते आपल्याच रानातलं असेल. मीठ तेवढं बाहेरचं!" असं आमच्या भोजन समितीचे अध्यक्ष ओत्तोरिनो यांनी चर्चसमोरच्या चौकात खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं. खुर्ची बारवाल्याची होती. टाळ्या पडल्यावर ते म्हणाले, "आणि मिठाचंही बघतो."

रोक्कामेला गावचं शरदातलं जेवण म्हणजे आमच्या ओकच्या रानात वाढलेलं डुक्कर आणि त्यावर किसलेला ट्रफल. ट्रफल ही जमिनीखाली उगवणारी अळंबी. दिसते सुरकुतलेल्या बटाट्यासारखी, पण तिच्यापायी सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. यंदा प्रांताच्या रसना मंडळाच्या परीक्षकबाई येणार होत्या. डुक्कर आणि ट्रफल एकाच रानातले निघाले, तर गावाला ओकफळाचा शिक्का मिळणार. नाही निघाले, तर पुढल्या वर्षापासून हे जेवण समोरच्या टेकडीवरच्या कास्तेलव्हेंतोला जाणार. कास्तेलव्हेंतोची माणसं पास्ता इतका उकळतात की त्यानं पाकीट चिकटवावं. त्यांच्या हातात आमचं जेवण देण्यापेक्षा आम्ही उपाशी राहिलो असतो.

डुक्कर ठरलेलं होतं. एर्सिलियाकाकूंची डुकरीण कोंतेस्सा. तिनं आयुष्यात गोठा पाहिला नव्हता. प्रश्न ट्रफलचा होता.

"यंदा काही नाही," ट्रफल शोधणाऱ्यांचा म्होरक्या गास्पारे म्हणाला.

"गेल्या वर्षीही काही नाही म्हणाला होतास," अध्यक्ष म्हणाले.

"तेव्हा खोटं बोललो होतो. आता खरं सांगतोय."

"आणि हे कसं ओळखायचं?"

"ते मला काय माहीत, अध्यक्ष?"

यात गास्पारेचा दोष नाही. आमच्याकडे ट्रफलची टोपली भरून आणणारा माणूसही घरात शिरताना "रान कोरडं पडलंय" असंच म्हणतो. पूर्वेला जायचं असलं की बायकोला पश्चिम सांगतो. बायकोलाही ते ठाऊक असतं, म्हणून ती त्याला शोधायला उत्तरेला जाते. बापानं मुलाला जागा सांगायची ती मरताना, आणि तीही एकदम सगळी नाही, न जाणो बरा झाला तर.

आठवडाभर सगळे "काही नाही" म्हणत राहिले. मग एर्सिलियाकाकू समितीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, माझ्या कोंतेस्साच्या तोंडाला वास येतोय."

"काकू, डुकराच्या तोंडाला वास येणारच."

"ट्रफलचा येतोय, ओत्तोरिनो. माझ्या लग्नात आला होता तसा."

समिती गोठ्यात... म्हणजे रानात गेली. अध्यक्षांनी वाकून वास घेतला आणि ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. एकाच रानातलं डुक्कर आणि एकाच रानातला ट्रफल हवा, असा नियम होता. दोघं एकाच रानात राहिले आणि डुकरानं ट्रफल खाल्ला. नियमाची इतकी तंतोतंत अंमलबजावणी आमच्या गावात पहिल्यांदाच होत होती.

"म्हणजे जागा हिला माहीत आहेत," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "हिला आता कापायचं नाही. हीच शोधेल."

"चालणार नाही," पालिकेचे कारकून फुल्जेंझियो म्हणाले. "कायद्यानं ट्रफल फक्त कुत्र्यानं शोधायचा. डुक्कर जमीन उकरतं आणि सापडलेलं खातं."

"मग हिला कुत्रा करा."

फुल्जेंझियो विचारात पडले. 'का' हा प्रश्न त्यांना कधीच पडत नसे. 'कोणत्या खिडकीवर' एवढंच ते विचारत, आणि त्या खिडकीवर तेच बसत. दुपारपर्यंत कोंतेस्साची कुत्रा म्हणून नोंद झाली. जात: मिश्र. भुंकणं: बेताचं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला बिल्ला.

"चावते का?" फुल्जेंझियोंनी विचारलं.

"तुम्हाला नाही चावणार," काकू म्हणाल्या. "ती चव बघून खाते."

दुसऱ्या दिवशी कोंतेस्साला शोधायला नेलं. तिनं लगेच एक ट्रफल शोधला आणि खाल्ला. मग तिला मुसकं बांधलं, तेव्हा तिनं खाली बसून संप केला. मुसकं काढून, तोंडाशी हात तयार ठेवून पुन्हा निघावं, तर तोवर गावातले सगळे शोधणारे येऊन उभे. आपली गुप्त जागा डुकरिणीनं समितीला दाखवू नये, म्हणून प्रत्येकाला सोबत यायचं होतं.

"त्या ओढ्याकडे नको, तिकडे साप आहेत," एक म्हणाला.

"वरच्या झाडीत तर भूत आहे," दुसरा म्हणाला.

"तिथं माझी सासू फिरायला येते," गास्पारे म्हणाला. त्यावर कुणी वादच घातला नाही.

प्रत्येकाची जागा टाळत टाळत शेवटी डांबरी रस्ता उरला. त्यावरून कोंतेस्साला गाजावाजा करत नेलं. तिथं तिला सिगारेटचं रिकामं पाकीट सापडलं. ते तिनं खाल्लं नाही.

जेवणाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी हात टेकले. "ट्रफल गेला खड्ड्यात. निदान डुक्कर तरी वाढू." खाटीक सांतेला बोलावलं. सांतेनं सुरी परजली, बिल्ला पाहिला आणि सुरी परत फडक्यात गुंडाळली.

"मी कुत्रा कापत नाही."

"अरे बाबा, डुक्कर आहे ते!"

"मग कागदावरनं काढा."

फुल्जेंझियो म्हणाले, कुत्र्याचं नाव मेल्याशिवाय काढता येत नाही. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, जिवंत जनावराला मी मेलेलं म्हणणार नाही. म्हणजे कुत्रा म्हणून मरायला तिला आधी कापायला हवं होतं, आणि कापायला आधी डुक्कर व्हायला हवं होतं. हे सगळं ऐकत कोंतेस्सा चेस्टनट खात होती.

शेवटी अध्यक्ष गाडी काढून हायवेवरच्या मोठ्या दुकानात गेले. प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं मांस आणलं. 'ट्रफलचं तेल' लिहिलेल्या बाटल्या आणल्या. त्या बाटल्यांवर बारीक अक्षरात घटक छापले होते, आणि त्यांत ट्रफल सोडून सगळं होतं.

जेवणाच्या दिवशी परीक्षकबाई सकाळीच आल्या. कुणाच्या दबावाखाली यायचं नाही म्हणून त्या एकट्याच घरोघर कॉफी प्यायल्या. निघताना प्रत्येकानं दारात त्यांचा हात बराच वेळ हातात धरला. संध्याकाळी त्या टेबलाशी बसल्या, तेव्हा पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून होत्या.

रोम आणि मिलानहून पाहुणे आले होते. दिवसा त्यांनी गास्पारेबरोबर रानात फेरफटका मारला होता आणि फांदीलाही हात लावणार नाही, अशी शपथ घेतली होती. पहिला घास घेताच त्यांतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुकानात ही चव मिळेल का हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"वेडी आहेस का," नवरा म्हणाला. "याला रानच लागतं."

परीक्षकबाईंनी डोळे मिटले. "ओक जाणवतोय," त्या म्हणाल्या. "आणि जरासं धुकं."

अध्यक्षांना चढली. वाइन नव्हे, स्तुती. "शिक्का देण्याआधी," ते ओरडले, "ज्यानं हा ट्रफल शोधला, त्या आमच्या कुत्र्याला भेटा!"

कोंतेस्साला झेंड्याच्या रंगांचा पट्टा घालून आत आणलं. पाहुणे तिच्याकडे बघत राहिले, पण बिल्ला पाहून गप्प बसले. कोंतेस्सानं अध्यक्षांच्या ताटाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"शिस्त!" अध्यक्ष म्हणाले. "ड्यूटीवर ती खात नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो संपायच्या आत कोंतेस्सानं अध्यक्षांच्या कोटाचा डावा खिसा अस्तरासकट उपटला आणि त्यातला अंड्याएवढा पांढरा ट्रफल खाल्ला.

"हा... हा घरी नमुन्यासाठी ठेवला होता," अध्यक्ष म्हणाले.

तोवर ती गास्पारेपाशी पोचली होती. त्याचे तीन निघाले. "यंदा काही नाही" म्हणणारे सगळे एका रांगेत बसले होते, त्यामुळे तिला फार चालावं लागलं नाही. सांतेच्या टोपीत एक होता. फुल्जेंझियोंचा बिल्ल्यांच्या डबीत होता.

पाहुणे पोट धरून हसत होते. नीट पाहिलं तर काहींनी पोट नव्हे, खिसे धरले होते. गास्पारेनं चर्चच्या मागे त्या प्रत्येकाला गाठून "यंदाचा हा एकच" म्हणून एकेक विकला होता. कोंतेस्सा त्यांच्या टेबलाकडे वळली आणि हसणं थांबलं.

"लाज आहे का तुम्हा लोकांना?" परीक्षकबाई उभ्या राहून कडाडल्या. उभं राहताना त्यांनी पर्स टेबलावर ठेवली.

पर्समध्ये सात ट्रफल होते आणि ओकफळाचा शिक्का होता. कोंतेस्सानं शिक्काही खाल्ला.