लाखामागं किती, ते सांग!

आमच्या निर्मलाआत्यासमोर चोरीमारीची बातमी सांगायची सोय नाही. कुणी हातवारे करत सुरू झालं, "बाजारात बाईची पोत ओढून नेली म्हणे!" की आत्या चष्मा वर सरकवते अन् विचारते, "लाखामागं किती, ते सांग." सांगणाऱ्याचं तोंड एवढंसं होतं. त्यातून कुणी "सौसरपेक्षा आपल्या पांढुर्ण्यात चोऱ्या जास्त" म्हणालाच, तर मग त्याची खैर नाही. "आधी लोकसंख्येनं भाग दे, मंग बोल!"

पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं तिनं. रिटायर झाली अन् देशोदेशीच्या गुन्ह्यांच्या आकड्यांमागे लागली. जाड वहीत जपान, अमेरिका, स्वित्झर्लंड, एकेकाला एकेक पान. चोऱ्यांचे आकडे मात्र ती धरत नाही. "कुठं रपट लिहितात, कुठं हाकलून देतात. खून धरावा. मुडदा कोणाच्यानं लपते?"

तिचा रोजचा विद्यार्थी म्हणजे तिचे धाकटे दीर, बाबाराव. पलीकडच्या गल्लीत घर, तिगावच्या रस्त्याला संत्र्याची बाग. सकाळचा चहा वहिनीकडे अन् चहासोबत भांडण. आत्याचे यजमान वारले तेव्हा त्यांची दुनळी बंदूक ठाण्यात जमा झाली. ती बाबारावांना आपल्या नावावर पाहिजे होती. त्यासाठी कागदावर वहिनीची सही लागे, अन् वहिनी काही सही देईना.

"रानडुकरं बाग खाऊन राहिली, वहिनी!"

"कुंपण घाला."

"स्वित्झर्लंडात इतक्या बंदुका, तरी खून कमी. तुमच्याच वहीत हाय!"

"हाय ना. मी लपवलं का? पण तिथं तुमच्यासारखं कोणी शेताच्या बांधासाठी धुऱ्यावर पावडं घेऊन उभं राहत नाही."

"अन् आपल्या गोटमारीच्या जत्रेत नदीच्या दोन काठांवरून दगड मारून डोकी फुटतात, तिथं कुठं बंदूक असते?"

"म्हणून तर माणूस टाके घालून पुढच्या साली पुन्हा नदीवर जाते!"

एका रविवारी बाबाराव कागद अन् पेढ्यांचा डबा घेऊनच आले. मी तिथंच बसलो होतो. म्हणाले, "आज सही करा, नाहीतर उद्यापासून येणं बंद. भावाची एवढी एकच निशाणी. तीही देत नसाल तर मी या घरचा कोण?" अन् पेन वहिनीपुढं सरकवलं.

आत्यानं पेन उचललं. मला वाटलं, झालं, हरली! पण तिनं पेन खाली ठेवलं.

"एक आकडा वहीत लिहाचा राहिला, भाऊजी. धुऱ्याच्या भांडणात तुम्ही यांची गचांडी धरली होती, आठवते? हे तणतणत घरी आले अन् बंदूक काढली. काडतुसं सापडेनात. मी पिठाच्या डब्यात दडवली होती. यांनी सारं घर उलथं केलं, अन् मी त्याच डब्यातलं पीठ काढून पोळ्या लाटून राहिली होती. मंग दमले, अन् तुमचं नाव घेऊन लेकरावानी रडले."

बाबारावांच्या हातात डबा तसाच.

"तीस वर्षं नाही सांगितलं. भाऊ तुमच्या मनातून उतरला असता, याचंच भेव. पण जो खून झालाच नाही, तो कोणत्याच देशाच्या तक्त्यात येत नाही. लाखामागं एक म्हणजे कागदावर काहीच नाही, भाऊजी. माह्या घरात तो एक तुम्ही होते."

मग बाबारावांनी कागदाचे टराटरा तुकडे केले अन् उठले. "चाला वहिनी. ते लोखंड सरकारलेच देऊन टाकू!"

काय सांगू तुम्हाला तो थाट! आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं, बाबारावांनी टोपी घातली, अन् दोघं भर बाजारातून, निवडणूक जिंकल्यासारखे, भेटेल त्याला पेढे देत ठाण्यात; मागं मी. आमचं ठाणं मध्य प्रदेशचं, कारभार हिंदीत; तिथल्या मुंशीनं, म्हणजे कारकुनानं, अर्ज पुढं ओढला. "वजह क्या लिखें?"

बाबाराव छाती काढून म्हणाले, "लिखो साहब, मैं ज़िंदा हूँ!"

मुंशी माझ्याकडे पाहायला लागला. आत्यानं त्याच्या हातावर दोन पेढे ठेवले.

परतताना मात्र तिची चाल मंदावली. दारापाशी कुलूप हातात घेऊन उभी राहिली. "भाऊजी, बंदुकीचं भांडण तर मिटलं. आता तुम्ही कायले याल? मी एकटी. एकटीले भांडता बी येत नाही."

बाबारावांनी तिच्या हातातली किल्ली घेतली अन् स्वतःच कुलूप उघडलं.

"चहा मांडा," म्हणाले, "मी हा बसलो."