तरणतलावाचा ठराव आणि एक डुलकी

सभेच्या दिवशी घरी जेवून जायचं नाही, असा माझा नियम होता. नगरसेवक झाल्यापासून मी स्वतः केलेला आणि स्वतःच पाळलेला असा हा एकच नियम (बाकीचे सभागृह करतं आणि पाळायला नागरिकांकडे पाठवतं). सभेआधी महापालिकेच्या कँटीनमध्ये उभ्याउभ्या चहा घ्यायचा आणि आत जाऊन बसायचं. त्या चहाने झोप येत नाही. निदान पोट तरी येऊ देत नाही.

त्या दिवशी मात्र बायको म्हणाली, "आज जेवूनच जा." आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. मऊ आवाजाला नाही म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही (कडक आवाजाला नाही म्हणायची तर सोयच नाही). मी बसलो. तिने वाढलं, मी जेवलो. तिने पुन्हा वाढलं, मी पुन्हा जेवलो. समोर बसून ती काहीतरी सांगत होती आणि मी "हं" म्हणत होतो. माझा "हं" फार तयारीचा आहे. वाक्य कुठे संपतं याचा त्याला आपोआप अंदाज येतो, त्यासाठी मला हजर असावं लागत नाही. बोलता बोलता तिने काहीतरी विचारलंही असावं, कारण मध्येच ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी दोनदा "हं" म्हटलं. मग ती उठून ताटं उचलायला लागली.

हात पुसायला दोरीवरचा टॉवेल घेतला तर तो ओलसर होता आणि त्याला एक निळसर, औषधी वास येत होता. मी पाणीपुरवठा समितीचा सदस्य आहे. त्यामुळे माझ्या लगेच लक्षात आलं की नळाच्या पाण्यात औषध जास्त पडतंय. हा मुद्दा सभेत मांडायचा, असं ठरवून मी निघालो आणि जिना उतरेपर्यंत विसरलो.

आमचं सभागृह दुपारी बघावं. छताला उंचावर काचा आहेत. त्यांतून ऊन आत येतं ते थेट खाली पडत नाही, भिंतीवरून सावकाश ओघळत येतं. पंखे इतके जुने की फिरतात असं म्हणण्यापेक्षा विचार करतात असं म्हणावं. माझ्या खुर्चीतून वर बघितलं की नागरिकांची गॅलरी दिसते, पण तिच्या कठड्यामुळे माणसं पूर्ण दिसत नाहीत. कुणाचं कपाळ दिसतं, कुणाच्या चपला. जनता म्हणतात ती मला गेली कित्येक वर्षं अशीच दिसत आली आहे, वरून थोडी आणि खालून थोडी. आणि या सगळ्यावर नगरसचिवांचा आवाज. ते विषय वाचायला लागले की वाटतं, लांब कुठेतरी कुणीतरी बादलीत नळ सोडून गेलंय.

त्या दिवशी एकच विषय होता. गावातला जुना तरणतलाव रिकामा करून बुजवायचा आणि तिथे वाहनतळ करायचा. आमच्या गटाचा ठराव होता. गटनेत्यांनी मला सकाळीच बजावलं होतं की मतं काठावर आहेत, नाव पुकारलं की "बाजूने" एवढंच बोलायचं, बाकी काही बोलून घोळ घालायचा नाही. एका शब्दाचं भाषण होतं. तरी आयत्या वेळी बटण सापडत नाही म्हणून मी सुरुवातीलाच माइक चालू करून ठेवला.

आता, माझ्या शेजारी जे सदस्य बसतात त्यांना आम्ही कोपरमास्तर म्हणतो. माझी मान कलली की ते कोपराने ढोसतात. त्यांच्या कोपराच्या जिवावर माझी पहिली टर्म पार पडली आणि दुसरी चालू होती. नेमके त्या दिवशी ते दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर उन्हाचा एक चौकोन येऊन बसला होता. मी त्या चौकोनाकडे बघत राहिलो. तो जरा हलला. पाण्यावर हलतो तसा.

मग सभागृहात पाणी यायला लागलं.

कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. निळं, स्वच्छ पाणी दाराखालून आलं, टेबलांचे पाय बुडाले, मग टेबलं. विषयपत्रिका होड्यांसारख्या निघाल्या. महापौरबाई खुर्चीसकट हळूहळू वर आल्या आणि तशाच शांतपणे तरंगत कामकाज चालवत राहिल्या. विरोधी पक्ष एका बाजूला वाहत गेला, आम्ही दुसऱ्या. गॅलरीतली माणसं कठड्यावरून पाय सोडून बसली होती आणि पहिल्यांदाच मला ती पूर्ण दिसत होती. आवाज सगळे बुडाले होते. आणि अशा त्या निळ्या शांततेत, नगरसचिवांच्या टेबलाकडून दाराकडे, संथ हात मारत माझी बायको पोहत गेली.

घाई नव्हती तिला. एक हात, दुसरा हात, मध्ये श्वास. चेहऱ्यावर असं काही होतं की जे मी घरात फार दिवसांत बघितलं नव्हतं, किंवा बघायला वर मान केली नव्हती. माझ्या जवळून गेली तरी तिने माझ्याकडे बघितलं नाही. हिला पोहता कधीपासून येतं, एवढंच माझ्या मनात आलं. इतक्यात कुणीतरी ओरडलं की आता पाणी सोडून देतोय, आणि मला एकदम भीती वाटली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. जे घडलं ते मला इतरांनी सांगितलं, आणि सभागृहात घडलेलं इतकं एकमताने सांगितलेलं मी प्रथमच ऐकलं.

नगरसचिव एकेकाचं नाव पुकारून मत घेत होते. शेवटी माझं नाव आलं. मी डोळे मिटून, मान किंचित मागे टाकून बसलो होतो, जणू फार खोल विचारात. माझा माइक चालू होता. आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा जड आवाजात मी म्हणालो, "पाणी काढू नका. ती अजून आत आहे."

पंखे ऐकू यायला लागले, म्हणतात. नगरसचिवांनी पेन खाली ठेवलं. असं मत कसं नोंदवायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी महापौरबाईंकडे बघितलं. बाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, चष्म्यावरून बघून गोंगाट बंद करणाऱ्यांतल्या. त्यांनी मला विचारलं, "सन्माननीय सदस्य, म्हणजे आपण ठरावाच्या विरोधात आहात, असं समजू का?"

आणि मी, घरी रोज ज्या सुरात म्हणतो त्याच सुरात म्हणालो, "तू म्हणशील तसं."

महापौरांना सभागृहात कुणी "तू" म्हटल्याची ही पहिलीच वेळ. गटनेते उठून उभे राहिले. पण बाईंनी हात वर करून त्यांना बसवलं. जराशा लाजल्याही होत्या, असं काहीजण सांगतात. त्या म्हणाल्या की पाणी काढू नका असं सदस्यांनी स्पष्ट सांगितलेलं आहे, तेव्हा मत विरोधात नोंदवावं. त्याबरोबर दोन्ही बाजूंची मतं सारखी झाली आणि निर्णय त्यांच्या एका मतावर आला. त्यांनी चष्मा काढला, गॅलरीकडे बघितलं आणि ठराव पाडला. (पुढे त्यांनी एका मैत्रिणीजवळ कबूल केलं म्हणे, की इतक्या वर्षांत "तू म्हणशील तसं" त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. सभागृहात नाही आणि घरीही नाही.)

टाळ्यांच्या आवाजाने मी जागा झालो. सभा संपली असावी असं समजून मीही टाळ्या वाजवल्या. आमच्या बाकांवर टाळ्या वाजवणारा मी एकटाच होतो. वरच्या गॅलरीत बायकाच बायका दिसत होत्या आणि त्यांतली एक वयस्कर बाई डोळे पुसत होती.

गटनेत्यांनी मला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं आणि मी काय बोललो ते दात आवळून मला सांगितलं. मग विचारलं, "कुणी फोडलं तुला?"

"कुणी नाही. जेवण जरा जड झालं."

"कुणाकडे जेवलास?"

"घरी."

हळूहळू त्यांचा चेहरा निवळला. म्हणाले, "घरचाच दबाव म्हणजे बोलणं खुंटलं. माझ्याही घरी कालपासून अबोला आहे. तीही तिथेच पोहते." आणि माझ्या खांद्यावर थोपटून निघून गेले.

"तीही" का म्हणाले, ते मला कळलं नाही.

घरी आलो तर चहा तयार. बायकोचे केस ओले. दोरीवर पुन्हा तो टॉवेल. मी हात पुसले, वास घेतला, आणि पाणीपुरवठा समितीच्या सदस्याच्या डोक्यात उशिरा का होईना प्रकाश पडला. सकाळी बायकांच्या वेळेत ती वर्षभर पोहायला जात होती. आज ठराव पडल्याच्या आनंदात सगळ्याजणी गॅलरीतून उठून थेट तलावावर गेल्या होत्या. आणि दुपारी जेवताना ती मला हेच सांगत होती. तलाव वाचवा म्हणत होती, आणि मी "हं" म्हणत होतो.

आता इथे गप्प बसावं, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण वॉर्डातली माणसं दारात येऊन नमस्कार करून जात होती. एकाने तर विचारलं की "ती" म्हणजे आपली जुनी संस्कृती ना? मी "हं" म्हटलं. अशा वातावरणात माणूस फुगतो. मी चहाचा घोट घेऊन म्हणालो की जेवताना काही बोललो नसलो, तरी मनात माझं तेव्हाच ठरलं होतं. तू निश्चिंत राहायचं.

ती समोरच्या खुर्चीवर बसून केस पुसत होती. पुसायची थांबली.

"अहो, तुम्ही झोपला होतात," ती म्हणाली.

मी चिंतन वगैरे शब्द जुळवायला लागलो.

"तुमचा झोपेतला आवाज मला कळत नाही होय? इतकी वर्षं शेजारी ऐकतेय." तिचा स्वर दुपारसारखाच मऊ होता. "जागेपणी म्हणाला असतात तर मी विश्वास ठेवला नसता. जागे असताना तुम्ही गटनेत्यांचं बोलता."

मी कप खाली ठेवला. खिडकीतून संध्याकाळचं ऊन तिच्या ओल्या केसांवर आलं होतं, आणि मला एकदम ते संथ हात आठवले. मी तिला स्वप्न सांगितलं. सगळं सांगितलं, महापौरबाई तरंगत होत्या तेसुद्धा. शेवटी तिने फक्त विचारलं, "कशी पोहत होते?"

"छान," मी म्हणालो. "घाई नव्हती तुला."

ती हसली. मग आणखी एक कप चहा झाला, आणि तो पिता पिता असं ठरलं की तलावासाठी लढलेल्या माणसाने पाण्याला घाबरणं बरं दिसत नाही. (ठरलं म्हणजे तिने ठरवलं.)

तेव्हापासून मी नवशिक्यांच्या वर्गाला जातो. बायकांची वेळ संपते आणि आमची सुरू होते, म्हणून ती काठावर थांबते. वर्गात आम्ही सगळे पोक्तच आहोत. एक शिंपी आहेत, एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत, आणि कंबरभर पाण्यात सगळेच कठडा धरून उभे राहतो. पहिल्या दिवशी शिक्षकाने सांगितलं की आधी तरंगायला शिका. अंग सैल सोडायचं, हातपाय हलवायचे नाहीत, कसलाही विचार करायचा नाही, पाणी नेईल तिकडे जायचं. स्टेशनमास्तर बुडाले. शिंप्यांच्या नाकात पाणी गेलं. मी उताणा झालो आणि अलगद तरंगायला लागलो, अगदी मधोमध, छताकडे बघत, कान पाण्याखाली. किती तरी वेळ.

शिक्षक चकित झाला. इतक्या वर्षांत पहिल्याच दिवशी हे कुणाला जमलेलं नाही म्हणाला, आणि काठावर उभ्या असलेल्या माझ्या बायकोला त्याने विचारलं की साहेबांनी याआधी कुठे सराव केलाय का.

ती म्हणाली, "दोन टर्म नगरसेवक आहेत."