सोसायटीत मेंढरं

बिडगरनाना कुणाच्याही घरी गेले की आधी कुंपणापाशी उकिडवे बसतात. झाडाच्या बुडातली चिमूटभर माती नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. आमच्या वास्तुशांतीला पाहुणे नव्या फरशीचं कौतुक करत होते, तेव्हा नाना फाटकाजवळच्या जास्वंदीखाली होते.

"उपाशी हाय बिचारं," ते म्हणाले.

कुणाचं तरी लेकरू जेवायचं राहिलं असं वाटून माझी बायको जिलेबीचं ताट घेऊन धावली. नानांनी ती जिलेबी शांतपणे खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाले, "चांगली झालीय. पण मी ह्या झाडाचं म्हणत व्हतो."

नाना पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि गारखेड्यातल्या आमच्या सोसायटीत माझे सख्खे शेजारी आहेत. त्यांच्या मागच्या अंगणात एक निळा ड्रम आहे. त्यात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन असं सगळं कालवलेलं असतं. नाना ते सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळतात, आणि नेमकी तीच आमची चहाची वेळ असते. वासाबद्दल पाहुण्यांनी विचारलं तर आम्ही फक्त "नाना" एवढंच सांगतो.

माणसांचीही पारख ते खतावरूनच करतात. आमचे चेअरमन जोशीसाहेब यांचा मुलगा एका वर्षात ताडमाड वाढला आणि जरा वारं सुटलं की शिंकू लागला. नाना म्हणाले, "युरियावरचं पोरगं हाय. उंची बघू नका, बुड बघा." जोशीवहिनींनी एकदा गुलाबाला ताजं शेण घातलं आणि गुलाब करपला. दुसऱ्या दिवशी नाना पांढरी टोपी घालून भेटायला गेले, ओट्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि उठताना म्हणाले, "शेण आधी कुजू द्यावं लागतं, वहिनी. उकळता चहा घशात वतला तर माणूस तरी वाचंल का?"

अशा माणसानं सोसायटीच्या बागेचा प्रश्न हाती घ्यावा, यात नवल नव्हतं. आमचा मोकळा प्लॉट म्हणजे नुसती मुरमाड जमीन. लावलेली झाडं जगत नव्हती. दिवाळीनंतरच्या बैठकीत नाना उठले आणि म्हणाले, "प्लॉटात मेंढरं बसवा. एक रात."

धनगर रात्रभर शेतात कळप बसवतात आणि जमीन खतावते, हे खेड्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. जोशीसाहेबांना नव्हतं. "मेंढ्या? आणि पार्किंगचं काय?" त्यांनी विचारलं.

"मेंढरांना गाडी नसती, साहेब."

"त्यापेक्षा पोत्यानं लेंडीखत आणू."

"पोत्यात मूत कुठून येणार? लेंडी आन् मूत जागेवर पडलं पाह्यजे, खुरांनी तुडवलं पाह्यजे. तवा माती खाती."

"हा शब्द इतिवृत्तात लिहायचा का?" सेक्रेटरी म्हणून मी विचारलं. जोशीसाहेबांनी ठराव फेटाळला.

ते कामाला मात्र वाघ. पुढच्याच रविवारी त्यांनी ट्रॅक्टर भरून लेंडीखत आणवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी मूठभर हातात घेतलं, वास घेतला, "एक नंबर माल हाय," म्हणाले आणि घरी निघून गेले. त्यानंतर ड्रम ढवळल्याचा वास आला नाही. चहा नीट घेता येत होता, पण त्याला चव लागेना, म्हणून मी चौकशीला गेलो.

"नाना, खतात काही खोट आहे का?"

"खत झकास हाय हो. खताची फिकर कुणाला?" त्यांनी काठी ड्रमाला टेकवून ठेवली. "माझा थोरला भाऊ, लिंबाजीदादा, मेंढरं राखतो. दर साली सोयगावकडून बिडकीनला उतरतो. आधी हितं सगळं रान व्हतं, तवा कळप माझ्या घरामागंच बसायचा. आता बंगले झाले. बायपासवर भेटतो, पण कळप काय थांबत नाय. मी बी चालत चालत बोलतो. ट्रकांच्या हॉर्नात काय बोलणं व्हतंय?"

"मग घरी बोलवा की."

"मेंढरं सोडून दादा देवळात बी जात नाय. त्यात नजर अधू, ल्हानपणापासून. साळंत गेला नाय तो त्याच्यापायीच. आता पोरं कळप इकायलीत. यंदाची शेवटची फेरी. म्हणलं, एक रात माझ्यापाशी निजावा."

मी तसाच उठून जोशीसाहेबांकडं गेलो आणि खताला मूत्र कमी पडतंय असं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "खरं काय ते सांगा." मी सांगितलं. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले, परत आले आणि म्हणाले, "इतिवृत्तात मूत्रच लिहा."

पुढच्या आठवड्यात दिवस मावळायला कळप प्लॉटात आला. जाळीचं कुंपण लागलं, लाल पटक्यातले लिंबाजीदादा मधोमध घोंगडी टाकून बसले. नाना आपली गादी सोडून त्यांच्या शेजारी घोंगडीवर आले. नानांच्या बायकोनं, काकूंनी, दोघांची ताटं तिथंच नेऊन दिली. इतके हसताना नानांना मी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी जोशीसाहेब स्वतः चहाची किटली घेऊन आले. पाहुण्याशी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या ना. आता सोपं झालंय."

"कुणाच्या डोळ्यांचं?" लिंबाजीदादांनी बशीतून मान वर केली. "ती तुमची पल्याडची गच्ची न्हवं? तिथं पापड वाळत घातलेत, त्याला कावळा लागलाय. आधी त्याचं बघा."

आम्ही सगळ्यांनी तिकडं पाहिलं. मला गच्ची दिसली, पापड दिसले नाहीत. जोशीवहिनींच्या ओरडण्यावरून कावळा असावा.

"मग शाळेत का गेला नाहीत?" मी विचारलं.

"आमचा बाप म्हणला, साळंत एकालाच घालता येतं, थोरला जाऊ दे. हा बारका घरामागं पाटीवर रेघोट्या मारत बसायचा. म्या म्हणलं, आबा, मला अक्षरं दिसत न्हाईत." त्यांनी चहा संपवला, बशी उपडी ठेवली आणि काठी उचलली. "चला, उन्हं व्हायच्या आत निघावं लागंल."

नाना जागचे हलले नाहीत. सगळी मेंढरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. मग ते तसेच, अनवाणी, कळपामागं चालू लागले.

संध्याकाळी बिडकीनहून काकूंना त्यांचा फोन आला. घ्यायला कुणाला पाठवू का, असं काकूंनी विचारलं.

"नगं," नाना म्हणाले. "अजून बोलायचं राह्यलंय."