शंभर गुणांची हळहळ

जगात दोन प्रकारच्या गोष्टी असतात: दिल्या की कमी होणाऱ्या आणि दिल्या की वाढणाऱ्या. पहिल्या प्रकारात खुर्च्या येतात, दुसऱ्यात हळहळ. शहाण्या प्रशासनाने पहिल्या गोष्टी कुलपात ठेवाव्यात आणि दुसऱ्या सढळ हाताने वाटू द्याव्यात, हे तत्त्व आमच्या विशेष बालक कुटुंब आधार कार्यालयाने जितक्या निष्ठेने पाळलं आहे तितकं दुसऱ्या कुणी पाळल्याचं माझ्या ऐकिवात नाही. (या मुलांना काय म्हणावं यावर आमच्याकडे आजवर सात बैठका झाल्या आहेत. त्यांना काय द्यावं यावरची बैठक पुढे ढकलली आहे.)

पूर्वी आमच्याकडे नुसत्या मागण्या यायच्या. कुणाला चाकाची खुर्ची हवी, कुणाला कानाचं यंत्र, कुणाला शाळेच्या पायऱ्यांशेजारी उतार. एका आईने लिहिलं होतं, ‘आठवड्यातून एक तास कुणीतरी मुलाजवळ बसा, मला डोकं धुवायचं आहे.’ हा अर्ज कोणत्याच विभागात बसेना म्हणून ‘इतर’मध्ये लावला. तो अजून तिथे आहे आणि सुस्थितीत आहे.

अशात आमच्या अध्यक्षांनी एक दिवस बसथांब्यावर एक बाई पाहिली. कडेवर सात वर्षांचा मुलगा, खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात त्याचे पायाला बांधायचे पट्टे. बस चार मिनिटांनी आली. तेवढ्या वेळात तिथल्या लोकांनी अकरा वेळा हळहळ व्यक्त केली. अध्यक्षांनी ती मोजली. (पिशवी मात्र कुणी धरली नाही, अध्यक्षांचे हात मोजण्यात गुंतले होते.) समाज या कुटुंबांना केवढा आधार देतो आहे आणि त्याची कुठेच नोंद नाही, या विचाराने त्यांना त्या रात्री झोप लागली नाही, असं त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी साडेअकराला आल्यावर सांगितलं.

त्यातून योजना जन्माला आली. तिचं गुणपत्रक असं:

साधं ‘अरेरे’, एक गुण. ‘च् च्’, अर्धा. (सलग कितीही केलं तरी अर्धाच, नाहीतर लोक पालीसारखे सुरू होतात.) मान एका बाजूला कलती करून पाहणं, अर्धा, आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला, एक. ‘तुम्ही म्हणून करता हो, आमच्याने नसतं झालं’, तीन. ‘आमच्या नात्यात एक अस्साच होता, आता पळतो’, चार. मात्र नातं नीट सांगता आलं तर बाद. तेल, लेप किंवा पहाटेचं कोवळं ऊन सुचवणं, पाच.

आणि सर्वांत वर, पूर्ण दहा गुणांचं: ‘काही लागलं तर हक्काने सांगा.’

याला दहा का, असं काही कोत्या मनाचे लोक विचारतात. कारण यात सर्व काही येतं. आजवर या वाक्याची एक हजार तीनशे वेळा नोंद झाली आहे. त्यांपैकी एकदाच एका बाईंनी खरोखर हक्काने सांगितलं. संबंधित गृहस्थ तेव्हापासून बाहेरगावी आहेत.

नियम सोपा आहे. अर्ज आला की कार्यालयाचा मोजणीदार पंधरा दिवस त्या कुटुंबाबरोबर राहतो. गुण शंभर झाले की कुटुंबाला समाजाकडून पुरेसा आधार मिळतो हे सिद्ध होतं आणि अर्ज निकाली निघतो. नाही झाले तर पंधराव्या दिवशी समितीपुढे सुनावणी होते. पहिल्या वर्षी चारशे बारा अर्ज आले, चारशे नऊ निकाली निघाले. उरलेल्या तिघांपैकी एक कुटुंब घराबाहेरच पडत नाही, दुसऱ्याचं सगळ्या आळीशी भांडण आहे, आणि तिसऱ्याचा अर्ज सापडत नाही. सापडलेल्या दोघांना खुर्च्या दिल्या. म्हणजे भांडारातल्या सहासष्टपैकी चौसष्ट खुर्च्या आजही प्लास्टिकसुद्धा न फाडलेल्या अवस्थेत आहेत. तपासणीला आलेले लोक त्या पाहून नुसते थक्क होतात.

मी त्या कार्यालयातला मोजणीदार. माझ्याकडे अंगठ्याने दाबायचं एक छोटं यंत्र असतं. दाबलं की टक् वाजतं आणि आकडा पुढे जातो.

गेल्या महिन्यात मला एका शिंपीणबाईंचं घर मिळालं. दुसरा मजला, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. नवरा रंगारी. मुलगी नऊ वर्षांची. तिला चालता येत नाही आणि शब्द जरा सावकाश येतात, पण चुकीचा एकही येत नाही. समोरच्याचा चुकला तर ती तो सुधारल्याशिवाय सोडत नाही, म्हणून घरात तिला मास्तरीणबाई म्हणतात. अर्ज खुर्चीचा होता. तिची खुर्ची सहाव्या वर्षी घेतलेली. बैठक दहा इंच.

“कपड्यात शिवणीला माया सोडता येते,” शिंपीणबाई म्हणाल्या. “पोर वाढली की उसवायचं, मोठं करायचं. खुर्चीला कुठून सोडू? तेरा इंच बैठक लागते तिला. तुमच्या भांडारात आहे. खिडकीतून दिसते. तिसरी, निळी.”

“माप घेतलंत?” मी विचारलं.

“वीस वर्षं नजरेनेच घेतेय.”

(मी नंतर जाऊन मोजली. तेरा.)

पहिल्या दिवशी आम्ही शाळेत गेलो, दवाखान्यात गेलो, दोरे आणायला गेलो. चौतीस गुण. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. शाळेच्या फाटकाशी एका पालकाने एका दमात तेल, नातेवाईक आणि ‘आमच्याने नसतं झालं’ असे बारा गुण काढले. माझा अंगठा दुखला. बाई सगळ्यांना हसून मान डोलवत होत्या. मला वाईट वाटत होतं, हे कबूल करतो. (कर्मचाऱ्यांची हळहळ धरत नाहीत, ती पगारात समाविष्ट आहे. समिती सदस्यांची धरतात, कारण ते मानद आहेत.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी अर्जाची मागची बाजू वाचली. तिथे नियम बारीक अक्षरात दिलेले असतात. शिंपीणबाईंना सुईत दोरा ओवायची सवय, त्यामुळे त्यांना ते वाचता आले. ही आमच्या छपाईतली त्रुटी आहे, पुढच्या खेपेला दुरुस्त करू.

“त्रेसष्ट झाले?” त्यांनी विचारलं.

“त्रेसष्ट,” मी म्हणालो.

“आणि शंभर झाले की खुर्ची नाही?”

“गरजच उरत नाही ना.”

मशीनवरून उठून त्या पाणी प्यायल्या. तिसऱ्या दिवसापासून ते घर बदललं.

आता त्या भर उन्हात, रस्ते रिकामे असताना बाहेर पडायच्या. समोरून कुणी प्रेमळ चेहऱ्याचं माणूस दिसलं की गल्ली बदलायच्या. मास्तरीणबाईंना त्यांनी कपाळाला आठी घालायला शिकवली. पोरीने त्यात एवढी प्रगती केली की एका आजोबांनी तोंडापर्यंत आलेलं ‘अरेरे’ गिळून ‘नमस्कार’ म्हटलं. आठ दिवसांत फक्त नऊ गुण. माझ्या कारकिर्दीतला हा नीचांक आहे.

याच काळात जिन्याखालच्या सुताराने एक प्रकार केला. मास्तरीणबाईंचे पाय जुन्या खुर्चीतून लोंबत होते. ते बघून तो फळी आणि खिळे घेऊन आला.

“टेकले?” त्याने विचारलं.

“नाही.”

“अर्धा इंच चढवू?”

“पाऊण,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“पाऊण तर पाऊण. पाय वर घे, बोट चेंगरेल.”

ठोकाठोक करून तो गेला. यंत्र हातात धरून मी गोंधळलो आणि कार्यालयाला फोन लावला. तिकडून विचारणा झाली, “हळहळला का तो?” म्हटलं, “नाही, फळी ठोकली.” “मान कलती केली?” “खिळा बघायला केली.” “मग शून्य. असल्या गोष्टींना रकाना नाही.”

अकराव्या दिवशी बाई ‘नमुना ब’ घेऊन शेजारच्या काकूंकडे गेल्या. हळहळ मागे घेण्याची सोय आमच्याकडे आहे. फक्त हळहळणाऱ्याची सही लागते.

“काकू, त्या दिवशी जिन्यात म्हणालात ना, काही लागलं तर हक्काने सांग, ते तेवढं मागे घ्या. दहा गुणांचं आहे.”

“अगं, मनापासून म्हटलं होतं मी!”

“म्हणूनच हक्काने सांगतेय. इथे सही करा.”

काकू दुखावल्या. चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत म्हणाल्या. सही केली नाही, वर डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “अरेरे, पोरीचं कसं होणार!” टक्. त्र्याहत्तर.

बाराव्या दिवशी मुलीची आत्या आली. आत्या स्वभावाने फार मायाळू. उंबऱ्यातच सुरू झाली. बाईंनी तिच्या तोंडात बिस्किटामागून बिस्कीट दिलं, कारण भरल्या तोंडाने हळहळता येत नाही. पण आत्या मान कलती करू शकत होती, आणि मान दोन्ही बाजूंना कलते. जाताना भावाच्या गळ्यात पडून तिने हक्काचं वाक्यही म्हटलं. एकूण चोवीस. ती गेल्यावर रंगारी बराच वेळ दाराशी उभा होता. “माझी सख्खी बहीण आहे हो,” तो मला म्हणाला. “तिला कसं सांगू, की ताई, दगड हो?”

सत्त्याण्णव. पुढचे दोन दिवस त्यांनी दार लावून घेतलं. मास्तरीणबाईंची शाळा बुडली.

पंधराव्या दिवशी सुनावणी होती. कार्यालयाच्या फाटकाशी एक अनोळखी बाई ‘अरेरे’ म्हणाल्या: अठ्ठ्याण्णव. आतल्या बाकावर बसलेल्या गृहस्थांनी मान आधी डावीकडे, मग उजवीकडे केली: नव्याण्णव. शिंपीणबाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. भांडाराची खिडकी समोरच होती. तिसरी, निळी.

समितीत तिघे असतात: अध्यक्ष, एक डॉक्टर आणि एक समाजसेविका, ज्यांच्या पर्समध्ये रुमाल घडी घालून तयार असतो. डॉक्टरांनी अहवाल वाचला. तो सारांशात द्यावा लागतो म्हणून देतो: लहान खुर्चीत बसून मुलीचा कणा डावीकडे कलू लागला आहे, सहा महिन्यांत खुर्ची बदलली तर तो सावरेल, नाही बदलली तर तसाच राहील, आणि पुढे श्वास घ्यायला त्रास होईल.

समाजसेविकांचा हात पर्सकडे गेला.

“रडायचं नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “एकच गुण उरलाय.”

हात परत आला. मग मास्तरीणबाईंनी अध्यक्षांकडे मोर्चा वळवला. “तुमची खुर्ची वरखाली होते?”

“होते की,” अध्यक्ष कौतुकाने म्हणाले आणि खटका दाबून दाखवला. ते वर गेले, खाली आले. “दर तीन वर्षांनी नवी मिळते.”

मास्तरीणबाईंनी विचार केला. शब्द यायला वेळ लागला, पण आले.

“तुम्ही अजून वाढताय?”

अध्यक्षांचे कान लाल झाले. त्यांना राग आला, लाज वाटली, आणखीही बरंच काही झालं असावं, पण हळहळ झाली नाही. यंत्र हातात धरून मी त्यांच्याकडेच बघत होतो. नव्याण्णव. अध्यक्षांनी सही केली. निळी खुर्ची मंजूर.

शिंपीणबाईंनी जिन्यात पोरीचा मुका घेतला आणि पहिल्यांदाच रडल्या. (आईचं रडणं धरत नाहीत. ते घरचं.)

आता एकच किरकोळ सोपस्कार उरला आहे. नियम चौदाप्रमाणे खुर्ची भांडारातून हलवण्याआधी प्रकरणाची हकीकत लोकांच्या माहितीसाठी छापावी लागते. ती वाचताना वाचकांनी व्यक्त केलेली हळहळ त्याच कुटुंबाच्या खात्यावर धरली जाते.

वरील मजकूर हीच ती हकीकत.

मी ती होईल तितकी कोरडी लिहिली. शिंपीणबाईंनी हात जोडून सांगितलं होतं, “भाऊ, वाचून कुणाला वाईट वाटेल असं लिहू नका.” म्हणून मध्ये मध्ये विनोद घातले, आत्याला बिस्किटं चारली, अध्यक्षांना वरखाली केलं. कण्याचं वाक्य मी दोनदा खोडलं. खोडणं नियमात बसेना म्हणून पुन्हा घातलं. तुम्ही हसावं, पान उलटावं आणि आपल्या कामाला लागावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

पण मघाशी, डॉक्टरांच्या अहवालापाशी, तुम्ही क्षणभर थांबलात. तोंडातून आवाज निघाला नसेल कदाचित, पण मान थोडी एका बाजूला गेली, आणि मग जरा दुसऱ्या बाजूला.

टक्.

शंभर. अर्ज निकाली. मोठ्या मनाने दिलेल्या आधाराबद्दल कार्यालय आपलं आभारी आहे. तुमच्यासारखी हळवी माणसं आहेत म्हणूनच आमच्या चौसष्टच्या चौसष्ट खुर्च्या शाबूत आहेत.