सात रविवारांची भिंत

रंगाचा डबा उघडला की साठे डॉक्टर घड्याळ बघतात, भिंतीवर दोन बोटं टेकवतात आणि मोठ्यानं सांगतात, "पेशंट झोपला. सुरू करा."

आयुष्यभर इंग्लंडातल्या हॉस्पिटलांमध्ये लोकांना भूल दिलेला माणूस. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सवय जात नाही. ब्रिस्टलमध्ये त्यांचं घर माझ्या घराला चिकटून आहे. पुण्याहून इथं नोकरीला आलो त्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं, "शिडी धरता येते का रे?" येते म्हणालो आणि अडकलो.

यंदा त्यांनी बैठकीची भिंत रंगवायला काढली. दोन खोल्यांची एक केलेली असल्यामुळे ही भिंत पुढच्या खिडकीपासून थेट मागच्या दारापर्यंत जाते. तरी कुणी शहाणा माणूस ती एका दिवसात उरकेल. डॉक्टरांनी टेप लावून तिचे सात उभे भाग पाडले. एका रविवारी एक भाग. बारा वाजले की ब्रश खाली. "आजचा डोस संपला."

मी पडलो इंजिनिअर. राहवलं नाही. "डॉक्टर, असं तुकड्यातुकड्यानं केलं तर जोड दिसतात. ओल्या कडेला ओला रंग भिडायला हवा."

"दिसू देत. भिंत आहे, नवरी नाही."

मग ते मला जेवायला बसवायचे. काकू जाऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे स्वयंपाक त्यांचाच. चौथ्या रविवारची आमटी आठवली की मी अजून पाणी पितो. "मिठाचा ओव्हरडोस झाला बहुतेक," असं स्वतःच म्हणून त्यांनी मला आणखी वाढली.

पाचव्या रविवारी ते वांगी आणायला दोन बस बदलून इंडियन दुकानात गेले. माझा धीर सुटला. या वयात माणसानं किती रविवार शिडीवर चढायचं? मी टेपा ओढून काढल्या, रोलर घेतला आणि दोन तासांत उरलेले तिन्ही भाग संपवले. फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

रोलर धुवायला किचनमध्ये गेलो. फ्रिजवर एक कागद लावला होता. भाग एक ते भाग सात, प्रत्येकापुढे रविवारची तारीख आणि एक पदार्थ. पहिल्या चारांवर खूण केलेली. भाग पाच, भरली वांगी. भाग सहा, थालीपीठ. भाग सात, पुरणपोळी, आणि त्यापुढे बारीक अक्षरात 'प्रयत्न'. खाली ओट्यावर काकूंची हळदीचे डाग पडलेली वही उघडी होती. कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, 'आदल्या शनिवारी एकदा करून बघणे.'

म्हणजे ती आमटीसुद्धा सराव करून केलेली होती.

मला स्वतःची लाज वाटली. भिंतीची त्यांना घाई नव्हतीच. रविवारी घरी कुणीतरी जेवायला येत होतं, आणि मी दोन तासांत ते सगळे रविवार पुसून टाकले होते.

डॉक्टर वांग्यांची पिशवी घेऊन आले. पिशवी हातातच ठेवून त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"अरे वा. झालीच की," ते म्हणाले. "पेशंटला डिस्चार्ज." आणि किचनमध्ये जाऊन त्यांनी फ्रिजवरचा कागद काढला.

"डॉक्टर, जरा इकडे या," मी हाक मारली. "इथं जोड दिसतोय. तिथंही दिसतोय. दुसरा कोट द्यावा लागणार."

ते कागद हातात घेऊनच आले. चष्मा वर करून त्यांनी भिंतीला जवळजवळ नाक लावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"दिसतोय खरा. एका दिवसात व्हायचं नाही हे."

"छे. सात भाग तरी करावे लागतील."

त्यांनी कागद उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि वर 'दुसरा कोट' असं लिहून खाली रेघ मारली.

"कारलं चालतं का रे तुला?"

मला कारलं अजिबात चालत नाही.

"चालतं," मी म्हणालो.