तीन नंबरच्या मोटरचा चहा

मन्मथअप्पांना कुणी नमस्कार केला तरी ते आधी विचारतात, "कारन काय?"

हे मी ऐकीव सांगत नाही. पाथरीच्या मार्केट यार्डामागे अप्पांची डाळ मिल आहे आणि समोर माझं बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं दुकान. मध्ये जेमतेम एक ट्रक वळेल एवढा रस्ता. त्यामुळे अप्पांच्या दारात कोण आलं आणि कारण न सांगता आल्यामुळे कोण परत गेलं, हे मला गादीवर बसल्या बसल्या दिसतं. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आला. अप्पा म्हणाले, "कारन काय?"

"काई न्हाई अप्पा, सहज पाया पडाया आलो."

"सहज? सहज कोन पाया पडतं? मत पायजे म्हना की. तुमचाबी टाइम वाचंल, माझाबी."

लग्नाची पत्रिका द्यायला येणाऱ्यालाही यातून सुटका नाही. मुलगा कमावता झाला, घरात करणारं कुणी नाही, असं काही तरी पटेल असं सांगावं लागतं. मग अप्पा पत्रिका घेतात आणि लग्नालाही सगळ्यांच्या आधी जाऊन बसतात. एकदा कारण पटलं की माणूस शब्दाला पक्का. डॉक्टरांनी पित्तासाठी चहा बंद करायला सांगितला तेव्हा अप्पांनी त्यांच्याकडून पोटाची सगळी रचना समजून घेतली, बाहेरच्या रांगेनं डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडली, पण त्या दिवसापासून अप्पांनी चहाला तोंड लावलं नाही. पुढं काकू गेल्या, त्या दिवसांत लोकांनी आग्रह केला, तरी नाही.

काकू म्हणजे अप्पांच्या मंडळी. कारणाशिवाय बोलायचं खातं त्या घरात काकूंकडं होतं. त्या रस्ता ओलांडून माझ्या दुकानात यायच्या, कोथिंबीर कशी दिली इथपासून सुरू करायच्या आणि अप्पांच्या तक्रारीवर संपवायच्या. त्या गेल्या आणि मिलचा आवाज जास्त ऐकू यायला लागला.

त्यांची एकुलती एक मुलगी उमा. शिकून इंजिनिअर झाली, लग्न होऊन पुण्याला गेली. तिची कंपनी कारखान्यांना शहाणं करायचं काम करते. म्हणजे यंत्रांना ठिकठिकाणी छोट्या डब्या बसवायच्या. त्यांना सेन्सर म्हणतात. मोटर किती तापली, किती थरथरली, वीज किती ओढली, हे त्या डब्या क्षणाक्षणाला कळवतात. त्याचा सगळा हिशेब क्लाउडवर होतो, म्हणजे आपल्या मिलमध्ये न ठेवलेल्या, भाड्यानं घेतलेल्या कुठल्या तरी लांबच्या कॉम्प्युटरवर. काही बिघडणार असेल तर तो मोबाइलवर आधीच सांगतो. हे सगळं मला उमानंच शिकवलं. एका दिवाळीला ती आली होती, तेव्हा मिलच्या ऑफिसात तुरीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून तिनं अप्पांना दाखवलं. मी साक्षीदार म्हणून बसलो होतो.

"ह्या डबीचं कारन काय?" अप्पा.

"बेअरिंग जळायच्या आधी कळतं, अप्पा."

"हनीफभाई हात लावून सांगतात की."

हनीफभाई मिलचे फोरमन. मोटरवर तळहात ठेवून ताप बघायची त्यांची रीत. ते दारात उभे होते, म्हणाले, "मैं रात को घर जाता ना, अप्पा. डबी जागी रहती."

"आन् कॉम्प्युटर भाड्यानं का? इकत घेऊ की एखादा."

"हंगामात तीन पाळ्या चालतात तेव्हा जास्त घ्यायचा, हंगाम सरला की कमी करायचा. जेवढं वापरलं तेवढ्याचंच भाडं."

"हमालावानी," अप्पा म्हणाले.

"हमालासारखंच," उमा म्हणाली, आणि बापलेक दोघंही हसले. त्या दोघांना एकत्र हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं. अप्पांना कारण पटलं आणि मोटरींवर डब्या बसल्या. इशारा मात्र पुण्याला, उमाच्या मोबाइलवर जायचा.

आता पहिल्याच हंगामातली गोष्ट. दुपारची वेळ, तूर जोरात चालली होती. अप्पांचा फोन वाजला. मिलच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं अप्पा फोन नेहमी स्पीकरवर लावतात आणि वर ओरडून बोलतात. त्यामुळं त्यांच्या घरातलं काहीही आमच्या गल्लीपासून लपत नाही.

"अप्पा, तीन नंबरची मोटर तापतेय. आधी बंद करा."

हनीफभाई धावले. बेअरिंग खरोखर जायच्या बेतात होतं. पुण्यात बसलेल्या पोरीला ते कळलं आणि मोटरीशेजारी उभ्या असलेल्यांना कळलं नव्हतं. हनीफभाईंनी त्या डबीला सलाम ठोकला. अप्पा मात्र फोन धरून तसेच उभे होते, कारण पलीकडून उमा विचारत होती, "जेवलात का? खोकला कसा आहे? आवाज बसलाय तुमचा." बेअरिंगचं बोलणं मिनिटभरात आटोपलं होतं. खोकला, पोळ्या करणाऱ्या बाईंचं तिखट आणि नातवाचे पडलेले दात यांत बराच वेळ गेला.

त्यानंतर त्या तीन नंबरच्या मोटरीला काय झालं कोण जाणे, ती सारखी तापायला लागली.

बेअरिंग नवं, पट्टा नवा, तरी आठवड्याला ताप. पुण्याहून फोन. हनीफभाई हात लावून बघायचे आणि डोकं खाजवायचे. "अप्पा, मोटर बिलकुल थंडी हाय. तुमच्या डबीलाच बुखार आलाय." अप्पा म्हणायचे, "यंत्र हाय, कदी कदी व्हतं," आणि फोन घेऊन ऑफिसात जायचे. ज्या माणसानं वाढदिवसाच्या केकचंही कारण विचारलं, तो माणूस 'कदी कदी व्हतं' म्हणतो, हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

खटकलं ते चहामुळं. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून मिलमध्ये एक चहा जायला लागला. कडक आणि उकळता. "अप्पांचा हाय," चहावाला म्हणाला. मी उडालोच. अप्पा आणि चहा? एका दुपारी नवीन पोत्यांचा नमुना दाखवायचं निमित्त काढून मी आत गेलो. निमित्त पक्कं करूनच गेलो होतो. सगळे जेवायला बसले होते. तीन नंबरच्या मोटरीजवळ अप्पा स्टुलावर बसले होते, आणि चहानं भरलेला स्टीलचा ग्लास धोतराच्या सोग्यात धरून त्यांनी त्या डबीला लावला होता. लहान पोराच्या पोटाला शेक द्यावा तसा.

मी म्हणालो, "अप्पा, कारन काय?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांना हे विचारायची संधी मिळाली होती आणि मी ती सोडली नाही. अप्पांनी ग्लास हलवला नाही. फक्त दुसऱ्या हातानं मला गप्प बसायची खूण केली. थोड्या वेळानं खिशातला फोन वाजला.

"अप्पा, परत तीन नंबर?"

"हां गं बाई. परत. तू कशी हायेस?"

मी पोत्याचा नमुना काखेत मारून परत आलो. हसू आवरत नव्हतं, पण दुकानात येऊन बसलो तेव्हा हसण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं. पुढं कितीतरी आठवडे मी तो चहा जाताना बघत होतो आणि कुणाला काही बोललो नाही.

एवढ्या उचापती कशाला, सरळ फोन का करत नाहीत, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. आमच्याकडच्या जुन्या बापांची एक रीत आहे. लेक दिली की तिच्या घरी कामाशिवाय जायचं नाही, आणि आता त्यात कामाशिवाय फोन करायचा नाही हेही आलं. पण अप्पांचं दुखणं तेवढंच नव्हतं. एका संध्याकाळी ते माझ्या गादीवर टेकले आणि आपणहून बोलले.

"पोरगी हॉस्टेलला व्हती तवा रोज फोन करायची. मी उचलला की म्हनायचो, कारन काय? ती म्हनायची, सहज. मी म्हनायचो, सहज आसंल तर आईशी बोल, मला कामं हायेत. तिची आई व्हती तवर चाललं. आता मी उचलतो, तर तिला कारन लागतं. लागनारच की. मीच लावलं ना."

मी पोती मोजायला घेतली.

मग उमाच्या कंपनीनं सिस्टीम सुधारली. खरं तर चांगलीच सुधारणा होती, आणि ती तिनंच पुढं होऊन आपल्या बापाच्या मिलला आधी लावली. तिचा फोन आला तेव्हा आवाजात आनंद मावत नव्हता. "अप्पा, आता ती नुसता इशारा देत नाही, कारण पण स्वतःच शोधते! ताप, थरथर, वीज, सगळं एकमेकांशी ताडून बघते. खोटा इशारा असेल तर तिथल्या तिथं सोडून देते, खरा असेल तर सरळ हनीफभाईंच्या मोबाइलवर, काय बदलायचं त्याच्यासकट. मला मध्ये पडायची गरजच नाही. तुम्हाला सारखा त्रास व्हायचा ना माझ्या फोनचा?"

सगळी गल्ली ऐकत होती. अप्पा म्हणाले, "चांगलं झालं, बाई." आणि कुठल्याही मिलमालकानं तेच म्हणायला हवं होतं.

तरी दुसऱ्या आठवड्यात चहा गेला. मीही गेलो, या वेळी निमित्ताशिवाय. अप्पांनी ग्लास लावून धरला होता. चहा निवला, साय धरली, फोन काही वाजला नाही. शेवटी हनीफभाई आपला मोबाइल घेऊन आले आणि त्यांनी पडद्यावर आलेलं वाचून दाखवलं: "तीन नंबर मोटर. बाहेरची उष्णता. दुर्लक्ष करा." मग त्यांनी ग्लासकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं आणि, भला माणूस, काहीएक न विचारता बाहेर निघून गेले.

तो हंगाम मिलचा फार चांगला गेला. एक मोटर जळली नाही, एक पाळी बुडाली नाही. मानवतचे, जिंतूरचे मिलवाले जीप करून बघायला आले. अप्पा त्यांना सगळं नीट समजावून सांगायचे, सेन्सर, क्लाउड, हंगामापुरतं भाडं. "लय कामाची चीज हाय, बसवाच," असं मनापासून म्हणायचे. ते लोक गेले की दारातल्या खुर्चीवर बसायचे, फोन मांडीवर उताणा ठेवून. मला त्या यंत्राचा राग यायचा. आणि राग करावा असं त्यानं काही केलेलं नव्हतं.

परवा दुपारी ते माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "तुझ्या काकूच्या वर्षश्राद्धाला जंगमस्वामी जेवू घातले. उमाला यायला जमलं न्हाई. आठवड्याच्या वर झालं. तवापासून बोलनं न्हाई."

मी चिडलो. "मग लावा की फोन! लेकीला फोन करायला कारन कशाला लागतं?"

"तुला लागत नसंल."

"लावा म्हणतो ना. माझ्यासमोर लावा."

माझा आवाज जरा चढलाच. अप्पांनी फोन काढला, धोतरानं काच पुसली आणि लावला. स्पीकरवर.

"हां अप्पा, बोला. काय झालं?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. "ती... तीन नंबरची मोटर तापायली, बाई."

पलीकडं बटणं वाजली. उमा म्हणाली, "नाही हो. इथं सगळं हिरवं दिसतंय." मग थांबली. "अप्पा, आज सोमवार ना? मिल बंद आहे. मोटर चालूच नाही."

खरंच सोमवार होता. सोमवारी महादेवाचा वार म्हणून अप्पांची मिल बंद असते, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. समोर कुलूप लोंबत होतं. अप्पांनी त्या कुलपाकडं पाहिलं.

"अप्पा? फोन कशाला केलात मग? कारण काय?"

अगदी त्यांचीच चाल. शेवटचा शब्द तसाच वर उचललेला, मागं तशीच घाई. अप्पा फार हळू म्हणाले, "सहज."

"सहज?" उमा म्हणाली. तिला खरंच समजलं नव्हतं, तिचा तरी काय दोष? मागं कुणी तरी तिला हाक मारली. "अप्पा, मीटिंग सुरू होतेय. काही असेल तर सिस्टीम सांगेलच मला. ठेवू?"

"ठेव बाई, ठेव. कामं आसत्याल."

फोन बंद झाला. अप्पांनी तो खिशात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझीच लेक हाय."

मी कोपऱ्यावर हाक मारून चहा सांगितला, माझ्यासाठी एकच. चहावाल्यानं सवयीनं ग्लास अप्पांपुढं ठेवला. अप्पांनी तो दोन्ही हातांत धरला, थोडा वेळ नुसताच, आणि मग सावकाश घोट घोट करत सगळा प्यायले. मी कारण विचारलं नाही.