वाघमारे सरांना वास चालत नाही

आमच्या वाघमारे सरांच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी तुमचा वास घेतला जाई. सर दारातच नाक पुढे करून उभे. केसांना चमेलीचं तेल लागलं, की संपलंच. "भायेर व्हा! माझे पतंग नासवून राहिले का?" समोर प्राचार्य असले तरी हेच.

नांदेडच्या कॉलेजात मी त्यांचा सहायक. सर बोंडअळीच्या पतंगाच्या मिशांमधल्या एका प्रथिनाच्या मागे लागले होते. "हे प्रथिन नसलं, तर मादीचा वास दारापोतर येऊन परत जातो. आत न्यायला कुनी न्हाई! नर बाजूनं उडून जाईल, वळखनार न्हाई!" हे ते इतक्या संतापानं सांगत, की चूक माझीच आहे असं वाटे. स्वतः साबण लावत नसत. उन्हाळ्यात त्यांच्याशेजारी बसणं म्हणजे शिक्षाच.

त्या दुष्काळात हदगावला माझ्या पुतणीचं लग्न होतं. सरांचं गावही तेच. "येतो, पन मला काही लावू नका. तिथून आईकडे जायचंय," त्यांनी बजावलं होतं. भावाला सांगायचं मी विसरलो.

मांडवात नव्या जिल्ह्याच्या गप्पा रंगल्या होत्या. सर गरजले, "जिल्हा काय मागता, टँकर मागा!" तेवढ्यात भावानं रिवाजाप्रमाणे त्यांच्या मनगटावर अत्तराचा फाया फिरवला. सर किंचाळलेच. धावत जाऊन त्यांनी पंगतीच्या पाण्याची अख्खी घागर हातावर ओतली. टँकरचं पाणी! माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत ओरडलो, "सर, इथं तुमचे किडे हायत का?"

सर ओला हात झटकत आईकडे निघाले. भांडण अर्धं राहिलं म्हणून लाडवांचा डबा घेऊन मीही तणतणत मागोमाग गेलो.

घरी सरांच्या आई खाटेवर बसल्या होत्या. डोळे गेलेले, कानही गेलेले. सरांनी हात पुढे केला. म्हातारीनं तो नाकाशी नेला, हुंगला आणि झटकून टाकला.

"कोन हाय रं? ह्यो माझा किसन न्हाई."

"आई, मीच हाय," सर मोठ्यानं म्हणाले. मग माझ्याकडे न बघता पुटपुटले, "वासावरच वळखते ती मला. दुसरं काही उरलं न्हाई."

मला माझाच भयंकर राग आला. चुलीतली मूठभर राख आणली आणि सरांचं मनगट घासायला बसलो. भावानं अत्तर चांगल्यातलं आणलं होतं. जाता जाईना.